रॅकवरचे बूट

आमच्या घरी पुस्तकांआधी पत्रकं आली. आईबाबा चळवळीतले. विधवेच्या हक्कांवरच्या पत्रकांना घड्या घालता घालताच मी वाचायला शिकले. त्यामुळे अमेरिकेत, चँडलरला ताईच्या दारात उभी राहिले तेव्हा मला वाटत होतं, माझ्याकडे उत्तरं आहेत.

भावोजी जाऊन महिना झाला होता. ताई त्यांच्या व्हिसावर आलेली. इथे राहायचे फार दिवस उरले नाहीत, असं वकिलाने सांगितलं होतं. चार वर्षांची भाची मात्र इथली नागरिक. दारातल्या रॅकवरचा भावोजींचा कप्पा कुणीतरी रिकामा केला होता. तिथे आता ताईच्या दिराचे काळे बूट होते. शेजारी भाचीचे गुलाबी सँडल.

"याचं ग्रीन कार्ड आहे," जेवताना ताईच्या सासूबाई म्हणाल्या. "दोघांचं लग्न रजिस्टर करून टाकू. पोर घरातच राहील."

दीर ताटातून वर बघत नव्हता.

"ताईला विचारलंत का, काकू?"

"तुमच्याकडे पत्रकं फार वाचतात," त्या हसल्या, "पोळ्या कमी लाटतात." मग ताईच्या भातावर तूप वाढत म्हणाल्या, "तुला जायचं तर जा हो. आमची पोर कुठे जाणार नाही. तिचा पासपोर्ट मी नीट ठेवलाय."

दुसऱ्या दुपारी ताई मला शेजारच्या म्हाताऱ्या बाईंकडे घेऊन गेली. त्या ज्यू, आयुष्यभर मुलांना हिब्रू शिकवलेल्या. ताईचं ऐकून त्यांनी आपला जुना धर्मग्रंथ काढला आणि एका पानावर बोट ठेवलं.

"आमच्याकडेही होतं हे. मुलगा न होता नवरा मेला, तर दिराने तिच्याशी लग्न करायचं. भावाचं नाव पुसलं जाऊ नये म्हणून. दीर नको म्हणाला, तर तिने वडीलधाऱ्यांसमोर त्याच्या पायातलं पायताण काढायचं आणि थुंकायचं."

मला ते फार आवडलं. "आणि तिनेच नको म्हटलं तर?"

"त्याबद्दल इथे एक ओळ नाही." त्यांनी चष्मा काढला. "पण पुढच्या पंडितांनी ठरवलं, की मुलगी असली तरी पुरे. मूल आहे म्हणजे बाई मोकळी."

मी आल्यापासून पहिल्यांदा ताई हसली. ते हसू बघवेना.

"तुमच्याकडे मुलगी सोडवते," ती म्हणाली. "आमच्याकडे तिच्याच नावाने बांधतायत."

"चल, आत्ताच सांगून टाक," मी म्हणाले. "स्पष्ट नाही म्हण. घाबरायचं कशाला?" परतताना मी तिला पाठ असलेली वाक्यं ऐकवत राहिले. आधी पासपोर्ट हातात घ्यायला हवा होता. आमच्या घरात आधी जाहीर करायची सवय.

सासूबाई ओट्याशी चहा गाळत होत्या.

"आई, मी हे लग्न करणार नाही. पिल्लूला घेऊन पुण्याला जातेय."

"बरं," त्या म्हणाल्या. "चहा घे."

मला जिंकल्यासारखं वाटलं. क्षणभरच. घर फार शांत होतं.

"पिल्लू कुठंय?" ताईने विचारलं.

"काकाबरोबर गेलीय. काका म्हणणं सोडेल आता हळूहळू."

ताई दाराकडे धावली. आत येताना आम्ही दोघींनी रॅककडे पाहिलंच नव्हतं. काळे बूट नव्हते. गुलाबी सँडलही नव्हते.