ताईचं लग्न आणि माझी बॅच फाइल

आमच्या ताईचं लग्न संगणकानं जवळजवळ मोडलंच होतं. संगणकाला हुकूम मी दिला होता, ही किरकोळ बाब.

नव्वदच्या सुरुवातीची गोष्ट. कुंभकोणमच्या एका क्लासात मी नुकताच बॅच फाइल लिहायला शिकलो होतो. म्हणजे हुकूम एकाखाली एक लिहून ठेवायचे, फाइलचं नाव टाइप करून एंटर मारायचं. पुढचं सगळं संगणक आपणहून करतो! काय ती जादू!

"छापखाना कशाला अप्पा? एंटर दाबतो, पत्रिका तयार!"

अप्पांनी निमंत्रकांची नावं मानाच्या क्रमानं सांगितली. मोठे काका यशवंतराव सर्वांत आधी. मी ती इंग्रजीत टाइप केली आणि हुरूप येऊन फाइलमध्ये 'सॉर्ट' हाही हुकूम घातला. नावं अक्षरांच्या क्रमानं कशी शिस्तीत लागतील! प्रिंटर करकरला, मी नाचलो, आणि पत्रिका (कोणीही न वाचता) टपालात पडल्या.

तिरुविडैमरुदूरहून काकांचा निरोप आला. इंग्रजी 'वाय'चे काका थेट तळाला गेले होते! त्यांच्या वर पाळण्यातला रघू, आणि सगळ्यांच्या डोक्यावर 'ए'चे आनंदमामा!

"मी येत नाहीं. रघूस सांगा ऊंजलाची साखळी धरावयास!"

ऊंजल म्हणजे वधूवरांचा झोपाळा. त्याची साखळी धरायचा मान आमच्या तमिळ मुलखातल्या मराठी घरांत ज्येष्ठांचा. ताई ओक्साबोक्शी रडायला लागली. "काका नाहींत तर मी ऊंजलावर बसणार नाहीं!"

पण बॅच फाइल येणारा माणूस डगमगतो होय? 'सॉर्ट'पुढे तिरपी रेघ आणि 'आर' टाकला की यादी उलटी! काका शिखरावर, मामा तळाला. ही पत्रिका फक्त काकांना. मामांकडे पहिली आहेच की! मी स्वतः ती नेऊन दिली. काकांनी दोनदा वाचली.

"आतां बरें. येतों."

मी सायकलवर गात घरी आलो.

लग्नाच्या दिवशी काका मंडपात शिरले, तर स्वामीमलैहून आलेले आनंदमामा आधीच साखळी धरून उभे!

"सोडा, मामा."

"कां म्हणोन? माझें नांव पहिलें!"

मामांनी खिशातून पत्रिका काढली. काकांनीही काढली. नादस्वरवाला वाजवायचा थांबला! (तो एरवी फक्त जेवायला थांबतो.)

"हें कोणें केलें?" काका गरजले.

"संगणकानें," अप्पा पुटपुटले.

"त्यास हुकूम कोणें दिला?"

सगळा मंडप माझ्याकडे वळला. मी दाराकडे वळलो. दार अडवून आचारी उभा होता.

"मामा," काका शांतपणे म्हणाले, "एक साखळी तुम्ही धरा, एक मी. मग ह्याचे कान?"

"तेही दोन आहेत!"

ताई हसत हसत ऊंजलावर बसली. माझा जीव भांड्यात पडला. झोका झाल्यावर मात्र माझे कान धरले गेले, तेही अगदी वयाच्या क्रमानं: आधी काकांनी, मग मामांनी!