आबांचं एरंडेल आणि बॅलन्स रॉडचं रबर

वळणावर गाडी कलायला लागली की वैनी आधी आरशातून मागच्या पोरींकडं बघायची. पोरी हसत-खिदळत असल्या तर ठीक. त्या गप झाल्या, एकमेकींचे हात धरून बसल्या, की ती स्वतःशीच म्हणायची, "गेलं रबर पुन्हा."

वैनी म्हणजे माझ्या भावाची बायको. बोरीच्या आतल्या अंगाला आमचं गाव आहे. तिथल्या कॉलेजला जाणाऱ्या पोरींना ती रोज सकाळी परभणीला नेते आणि संध्याकाळी घेऊन येते. गाडी जुनी, जीपसारखी उंच, मागं समोरासमोर बाकं. एसटी फाट्यावरच थांबते, आणि फाट्यापासून गावापर्यंतच्या वाटेनं आमच्याकडच्या कितीतरी पोरींचं शिक्षण थांबवलं आहे. माझं थांबलं नाही, ते वैनीमुळं. ती लग्न होऊन आली तेव्हा मी बारावीला होते. माझ्या वाट्याचं घरकाम तिनं न बोलता उचललं आणि मी आमच्या घरातली पहिली पदवीधर झाले. आज पाथरीच्या एका शाळेत शिकवते. तिच्याबद्दल लिहिताना माझा हात जरा सैल सुटतो हे मला माहीत आहे. पण सांगते ते खरं आहे.

गाडीच्या पुढच्या दोन चाकांना जोडणारा एक आडवा लोखंडी दांडा असतो. गॅरेजवाले त्याला बॅलन्स रॉड म्हणतात. वळणावर गाडी एका अंगाला झुकू लागली की हा दांडा तिला आवरून धरतो. दांडा गाडीच्या अंगाला दोन पट्ट्यांनी आवळलेला असतो आणि पट्टीच्या आत रबराचा जाड बुश असतो. रबर धड असलं तर दांडा जागेवर राहतो. ते ढिलं झालं की खड्ड्याखड्ड्याला खालून 'खट् खट्' वाजतं आणि गाडी वळणावर डुलते. हे बुश भरपूर टिकतात म्हणे. आमचे टिकत नव्हते.

आता आबांचं सांगायला हवं. आबा म्हणजे माझे वडील. त्यांची बैलगाडी कधी कुरकुरली नाही, असं गावात अजून सांगतात. कुरकुरणारी गाडी म्हणजे धन्याची अब्रू रस्त्यावर, असं ते मानत. आसाचं वंगण ते स्वतः करायचे, एरंडेलात काजळी कालवून. गुडघे गेले, बैलजोडी विकली, आणि आबा ओट्यावर बसले ते बसलेच. जेवायला बोलावलं की जेवायचे. कुणी काही विचारलं तर "हं" म्हणायचे. मग वैनीची गाडी दारात आली. एका रविवारी आबा पोत्यावर आडवे झाले आणि गाडीखाली सरकले. गुडघे वाकत नव्हते, पण आडवं होता येत होतं. एरंडेलाची बाटली, काडीला गुंडाळलेली चिंधी. बिजागऱ्या, स्प्रिंगचे पाटे, आणि खाली जिथं जिथं काही हलतं तिथं तिथं ते तेल सोडायचे. बाहेर येताना तोंड काळं आणि बोलणं सुरू. वैनी पोरींना सांगायची, "आमच्या मामानं तेल दिलंय, बसा बिनघोर." आमच्याकडं सुना सासऱ्याला मामा म्हणतात.

दिवाळीच्या सुट्टीत मी घरी होते. बुश पुन्हा गेले म्हणून वैनीबरोबर परभणीच्या गॅरेजला गेले. मिस्त्रीनं खाली वाकून बोटानं रबर दाबलं आणि हसायलाच लागला.

"ताई, ह्याच्यात तेल कोण घालायलंय? खवा झालाय की ह्याचा! तेल लोखंडाला घाला, न्हाईतर भज्यात घाला. रबराला तेल म्हंजे इख."

वैनीनं माझ्याकडं बघितलं. आम्हा दोघींनाही कोण ते माहीत होतं.

"नवे बुश द्या," ती म्हणाली. "मीच बसवते."

"तुमी?"

"मागच्या बारीला तुमी बसवायलता तवा मी काय झोपले होते?"

परतताना मी तिला सुचवलं की बाटली लपवून ठेवू, नाहीतर सांगू की मिस्त्रीनं गाडीखाली हात लावायला मनाई केली आहे.

"वन्सं, शाळेत बी असंच शिकवता व्हय?" ती म्हणाली. "खोटं सांगावं तर उद्या कळंल. खरं सांगावं तर मामा पुन्हा ओट्यावर. माणूस आत्ता कुठं बोलायला लागलंय. रबर काय, दुकानात भेटतं."

रविवारी सकाळी तिनं अंगणात सपाट जागा बघून गाडी लावली. एका अंगाला उतार असला की दांडा ताण धरतो, हे तिनं गॅरेजमध्ये उभं राहून शिकलेलं. मी चाकांना दगड लावले. तिनं पोतं अंथरलं आणि हाक मारली, "मामा, पाना धरायला या. एकटीला जमायचं न्हाई."

आबा आले. सासरा-सून गाडीखाली शेजारी शेजारी आडवे झाले. ते बघून शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "काय गं, आता सासऱ्याला बी कॉलेजात घातलं का?" वैनी खालूनच ओरडली, "तुमचे मालक बी पाठवा, जागा हाय!"

दोन्हीकडच्या पट्ट्या थोड्या थोड्या ढिल्या करत तिनं जुना बुश काढला. तो आबांच्या एका हातात दिला आणि नवा दुसऱ्या हातात. आबांनी नवा दाबला. मग जुना दाबला, तर बोट आत रुतलं. त्यांनी तो नाकाशी नेला.

"एरंडेल."

"हां, मामा."

"हे मी घातलेलं."

"हां."

"आन् ह्यानंच सडलं?"

"ह्यानंच. लोखंडाला तेल चालतं, रबराला सोसत न्हाई. मला बी परवाच कळलं."

आबा सरकत बाहेर आले. कपडे झटकले नाहीत. ओट्यावर जाऊन बसले आणि तोंड भिंतीकडं केलं.

मला वाटलं, जाऊन समजूत घालावी. वैनीनं मान हलवून मला थांबवलं आणि काम चालू ठेवलं. पट्टीच्या आत काळी माती वाळून घट्ट झाली होती. तिनं ती काडीनं कोरली आणि धुऊन काढली. नव्या रबराला साबणाचं पाणी लावून ते दांड्यावर चढवलं. दुसऱ्या बाजूचंही बसवलं. नट आवळून ती बाहेर आली आणि ओट्यासमोर उभी राहिली.

"मामा, उद्या कॉलेज सुरू हुतंय, पोरी बसणार हायत. नीट बसलंय का न्हाई, मला कळत न्हाई."

आबांनी तोंड वळवलं नाही.

"इंजनाच्या आवाजात पुढं मला खालचं ऐकू येत न्हाई. वन्संला इचारलं तर त्या म्हणतील, छान हाय. पोरी नुसत्या गाणी म्हणत्यात. बैलगाडीचा आवाज ऐकून कोणतं चाक दुखायलंय ते सांगणारा माणूस घरात असताना मी कुणाला इचारू?"

ती त्यांची समजूत घालत नव्हती. तिला खरोखरच कळत नव्हतं, आणि ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मला वाटतं, आबांना तेच दिसलं. ते उठले.

"कालव्याच्या वाटेनं घे," ते म्हणाले.

ती वाट उसाच्या ट्रॅक्टरांनी पार उखणलेली. आबा मागच्या बाकावर वाकून बसले, गाडीच्या तळाला हात टेकवून. वैनी हळू चालवत होती.

"उजवीकडलं गप हाय," आबा म्हणाले. "डावं बोलायलंय."

"मामा, मला तर काईच..."

"तू गप. ऐकू दे." थोडं पुढं गेल्यावर, "थांबव."

वैनी खाली शिरली. डाव्या पट्टीखाली एक खडा राहिला होता. त्यामुळं पट्टी पूर्ण बसली नव्हती. तिनं ती सोडवली, पुसली, पुन्हा आवळली. पुन्हा निघालो. कालव्याच्या वळणावर गाडी सरळ अंगानं वळली, डुलली नाही. आबा मात्र अजून वाकलेलेच होते. मला वाटलं, राग गेलेला नाही.

"म्हंजे रबराला तेल न्हाई, आन् पट्टीत चिखल साचू द्यायचा न्हाई," ते तळाकडं बघत म्हणाले. "एवढंच ना?"

"एवढंच, मामा."

"मग रविवारचं एकटं पुरायचं न्हाई. कालव्याला पाणी सुटलं की ही वाट सगळी गाराच हाय. बुधवारी बी धुवावं लागंल."

"बुधवारी मला यायला उशीर हुतो."

"मी काय तुझ्यासाठी थांबणार हाय व्हय? गाडी आली की मी बघतो. तुमी दोघी चुलीकडं बघा."

"चुलीकडं वन्सं बघतील," वैनी गिअर बदलत म्हणाली. "मी खालीच येणार. पाना काय तुमच्या एकट्याच्या हातात देऊ?"

"हातात काय, नीट आवळता तर येऊ दे आधी," आबा म्हणाले, आणि घर येईपर्यंत तिला पट्टी कशी आवळावी ते सांगत राहिले.