साठ पावलं सरकलेली लढाई

स्वतःची ओळख करून देताना एलरी टोलिव्हर म्हणायचा, "इतिहास घडवणं काही आपल्याला जमलं नाही, पण थोडा सरकवला आहे." अमेरिकेच्या दक्षिणेतल्या पिकेट्सव्हिलचे लोक हसायचे. म्हातारा खरं बोलतोय, हे फक्त त्याच्या बायकोला, ओडेसाला, ठाऊक होतं.

चाळीस वर्षांपूर्वी तो काउंटीच्या रस्तेखात्यात होता. यादवी युद्धातल्या लढाईचा, 'येथे लढाई झाली' असा लोखंडी फलक टेकडीच्या चढावर रोवायचं काम त्याच्या गळ्यात पडलं. जुलैचं ऊन, आणि पहार मारावी तिथे खडक. साठ पावलं खाली पेकानच्या झाडाची सावली होती, माती भुसभुशीत होती. एलरीने तिथेच खांब गाडला, सावलीत बसून तळलेली कोंबडी खाल्ली आणि घर गाठलं. तेव्हापासून दरवर्षी जुने गणवेश चढवून गोरे लोक त्याच्या जेवणाच्या जागेला सलाम ठोकत आले.

आता गावाला जाग आली होती. काळ्या मुलांची जळून गेलेली शाळा जिथे होती, तिथे फलक लावायचं ठरलं. एलरी त्याच शाळेत शिकला होता. वर्गातला आता तो एकटाच उरला होता. समितीच्या अध्यक्ष मिस व्हर्नेल यांच्या हाती जुना कागद होता : शाळा लढाईच्या जागेपासून दोनशे पावलं पूर्वेला. त्यांनी लढाईच्या फलकापासून मोजलं, तर जागा निघाली पेट्रोल पंपावर, चाकांत हवा भरायच्या यंत्रापाशी.

"शाळा वर होती, मिस व्हर्नेल," एलरी म्हणाला.

"आठवणी दगा देतात, मिस्टर एलरी. कागद देत नाही."

घरी ओडेसाने त्याला फैलावर घेतलं. "सांगून टाक, म्हाताऱ्या."

"सगळं गाव हसेल गं."

"हसू दे! मिस पर्लीनने तुला हाताला धरून अक्षरं शिकवली. तिला त्या हवेच्या यंत्रापाशी उभी करणार आहेस?"

एलरीला रात्रीचं जेवण गेलं नाही. आपल्या आळसाने आपलीच शाळा पंपावर नेऊन ठेवली, याची त्याला मनापासून लाज वाटली.

पुढच्या सभेत त्याने उभं राहून सगळं सांगितलं, अगदी कोंबडीसकट.

"म्हणजे माझे वडील मरेपर्यंत तुमच्या जेवणाला सलाम करत होते?" मिस व्हर्नेल म्हणाल्या.

"हाडंही तिथेच टाकली होती, मॅडम."

आधी त्याच हसल्या, मग सगळे. हसू ओसरल्यावर त्यांनी कागदाची घडी घातली. "साठ पावलं वर घ्या. आणि खड्डा तुम्हीच खणायचा."

शनिवारी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा एलरी पहार घेऊन टेकडीवर उभा राहिला. पहिल्याच घावाला खण्णकन आवाज आला. खडक. दुपारपर्यंत वीतभर खड्डा झाला आणि तळहाताला फोड आले.

घडीच्या खुर्चीत बसलेली ओडेसा म्हणाली, "पलीकडे सावली आहे हं."

"असू दे," एलरीने डोळे पुसले. "मिस पर्लीनचं टेबल इथे होतं." आणि त्याने पुन्हा पहार उचलली.