पिढ्या विचारत हिंडणारा अण्णा

फोन आला तेव्हा मी उचगावात भाकरी थापत होते. पलीकडून गिरिजा एवढंच म्हणाली, "आत्ती, अप्पा गेले..." अण्णा माझा थोरला भाऊ, गिरिजा त्याची एकुलती एक लेक. तव्यावरची भाकरी करपली. रडू नंतर आलं, आधी नुसता थकवा आला. निवृत्त झाल्यापासून या माणसानं मला दमवलंच होतं की!

सूतगिरणीतली नोकरी संपली आणि अण्णाला आमच्या घराण्याचा नाद लागला. सोमवार-मंगळवार तो कचेरीच्या दफ्तरात मोडी कागद वाचत बसायचा आणि धुळीनं खोकत घरी यायचा. बुधवारी एसटीनं गारगोटीकडं, कुणीतरी लांबचे भाऊबंद शोधायला. शनिवारी नृसिंहवाडीला, मलाही ओढत. लोक दर्शन घ्यायचे, हा घाटावरच्या म्हाताऱ्यांना गाठायचा, "पावणं, मूळ गाव कंचं तुमचं?" मी पायरीवर पाय चोळत बसायचे. रविवार तेवढा गुलाबांचा. कलमं बांधायची आणि गल्लीभर वाटायची. वहिनी गेल्यावर त्या घरात गुलाब आणि कागद एवढंच वाढत होतं. "मेलेल्या माणसांच्या मागं किती फिरशील रे?" मी चिडायचे. त्यावर तो चहा मागायचा.

या सगळ्याच्या मुळाशी होते हेळवी. आमच्या लिंगायत घरांत काही वर्षांनी बैल घेऊन हेळवी येतात, उंबऱ्यापाशी बसून घराण्याच्या पिढ्या म्हणून दाखवतात आणि जोंधळे घेऊन पुढच्या गावाला जातात. आमच्या पिढ्यांत सगळी पुरुषांचीच नावं. आई नाही, मी नाही. गिरिजाही नाही, म्हणजे अण्णापाशी घराणं संपलं. भाऊबंद म्हणायचे, पुतण्या दत्तक घे. अण्णा भडकायचा, "दत्तक घेतलेला चालतोय, आनि पोटची पोर चालत न्हाय व्हय?" एखाद्या पिढीत तरी लेकीचं नाव निघावं, ते हेळव्यांपुढं ठेवावं आणि गिरिजाचं नाव पिढीत घालायला लावावं, यासाठी त्याची ही वणवण. सापडलं नाही. एकदाही नाही... शेवटी शेवटी एसटीची पायरी चढायला त्याला कंडक्टरचा हात लागायचा. तरी बुधवार चुकवला नाही.

त्याला जाऊन महिना होत आला आणि हेळवी दारात आले. म्हातारे, अण्णाला चांगलं ओळखणारे. मी तेव्हा अण्णाच्या घरी गिरिजापाशीच राहिले होते. तिनं सुपात जोंधळे आणले. त्यांनी डोळे मिटून सुरुवात केली. पणजोबा, आजोबा, आमचे वडील... आणि थांबले.

"पुढं?" मी म्हणाले. "माझा भाऊ गेलाय. त्याचं नाव घ्या की!"

"घेतलं असतं, अक्का." ते खाली बघत बोलले. "पर गेल्या खेपंला त्येंनीच शपथ घातली. म्हनले, लेकीचं नाव घेनार नसला तर माझंबी घेऊ नगा. लेकीचं मला घेता येत न्हाय, आमच्यात तसं चालत न्हाय. पर मानूस गेल्यावर कसली शपथ? पोरीनं व्हय म्हनावं, त्येंचं आत्ता घेतो."

सगळ्या जिल्ह्याच्या पिढ्या विचारत हिंडला, आणि स्वतःचं नाव स्वतःच काढून टाकलं! मूर्ख... हट्टी, मूर्ख माझा अण्णा. आम्हाला एका शब्दानं बोलला नाही. डोळ्यांतलं पाणी काही थांबेना. मी गिरिजाचा हात धरला. "व्हय म्हण बाई. त्याचं तरी नाव राहू दे."

गिरिजानं हात सोडवून घेतला. सूप उचललं, सगळे जोंधळे हेळव्यांच्या पोत्यात ओतले आणि मग त्यांच्याकडं बघून म्हणाली, "नको मामा. ऱ्हाऊ देत अप्पा भाईरच, माझ्यासंगं."