माउंटखाली गेलेल्या नोंदी

चूक माझी होती आणि ओरडलो मी बाईंवर.

दापोलीजवळच्या एका रोपवाटिकेत मी कॉम्प्युटरची कामं बघायचो. मालकांच्या टेबलावर विंडोज. कलमांच्या मोहोराची नोंद ठेवणाऱ्या बाईंकडे जुनं मशीन, त्यावर मी लिनक्स टाकलेलं. मालकांचं शेअर केलेलं फोल्डर मी बाईंच्या मशीनवरच्या एका रिकाम्या फोल्डरवर माउंट केलं, म्हणजे ते रिकामं फोल्डर उघडलं की त्याच्या जागी मालकांचं दिसेल असं जोडलं, एक फाइल उघडून पाहिली आणि चालतंय म्हणून मोकळा झालो. झाली चाचणी! लाइट जाऊन आल्यावर काय होईल, हे सारखी लाइट जाणाऱ्या इथे राहूनही मी तपासलं नाही. वर "आता वही बंद करा," हेही मीच सांगितलं.

लाइट गेली, आली. बाईंचं मशीन आधी सुरू झालं, मालकांचं मागाहून, त्यामुळे जोडणी झालीच नाही.

बाईंचा फोन आला, "सर, जुन्या फायली दिसत नाहीत ओ."

"दिसतील. तुम्ही तुमचं काम करा." मी फोन ठेवला.

त्या तीन आठवडे त्याच रिकाम्या फोल्डरात नोंदी भरत राहिल्या. मालकांना त्या दिसेनात, तेव्हा मी गेलो आणि पुन्हा माउंट केलं. जुन्या फायली आल्या, नव्या गायब.

"बाई, आधी सेव्ह करायला शिका!" मी सगळ्यांदेखत ओरडलो.

"काल सांजच्याला इथंच होत्या. तुम्ही हात लावलात नि गेल्या."

"म्हणजे मी खाल्ल्या?"

"ते तुमचं तुम्हाला म्हाईत."

लोक हसले. मी आणखीच भडकलो. मोहोर गळून कलमांना कणी, म्हणजे बारीक फळं, धरली होती, पुन्हा मोजायला मोहोर उरला नव्हता. मालकांनी बाईंना पिशव्यांत माती भरायला बसवलं.

चार दिवसांनी जोडणी नीट करायला म्हणून मी माउंट काढलं. खाली सगळ्या फायली जशाच्या तशा! माउंट बसलं की त्याखालचं दिसत नाही, हे मला वीस वर्षं माहीत होतं. माहीत होतं! स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

तरी मालकांना एवढंच म्हणालो, "सापडल्या."

"शाब्बास, वाचवलंत!"

ती शाबासकी मी दोन दिवस गिळून बसलो. बाई माती भरत होत्या. त्या दोन दिवसांचा स्वतःवरचा राग अजून जात नाही.

तिसऱ्या दिवशी चहाला सगळे जमले असताना मातीच्या ढिगाशी गेलो. बाईंनी वर पाहिलं नाही.

"बाई, तुमच्या नोंदी मीच झाकल्या होत्या," मालकांना ऐकू जाईल असं म्हणालो. "तुम्ही फोनवरही बरोबर सांगत होतात. मी ऐकलं नाही, उलट तुम्हालाच बोललो. माझं चुकलं. मला माफ करा."