व्हिलनचा उजवा हात

माझा धाकटा भाऊ चिखलीत एका वर्कशॉपला प्रेस मशीन चालवतो. चाकणच्या एका बंद शेडमध्ये कुठल्याशा सुपरहिरोच्या पिक्चरचं शूटिंग होतं. दांडगी पोरं हवी होती, म्हणून याला घेतलं. झालं, तेव्हापासून आमचे राजे जमिनीवर चालेनात. व्हिलनचा उजवा हात आहे म्हणे.

त्यात सांगवीचं स्थळ आलं. मुलगी चांगली, घर चांगलं, आई देव पाण्यात घालून बसलेली. हा म्हणतो, कांदेपोहे कशाला, त्यांना पिक्चरलाच नेऊ. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. पण पिक्चर लागतो शुक्रवारी आणि आमच्या कारखान्यांना सुट्टी गुरुवारी. मुलीचे वडीलही कंपनीतलेच, पिक्चरसाठी रजा कोण टाकणार? गुरुवार उजाडेपर्यंत पिक्चर पार झोपला होता. थेटरात आमची दोन घरं सोडली तर काळं कुत्रं नव्हतं.

पिक्चर इतका भिकार की मयताला आलेले लोकही आमच्यापेक्षा जास्त हसत असतील. मध्यंतर झालं तरी पडद्यावर भावाचा पत्ता नाही. मुलीच्या वडिलांनी समोसा खात शांतपणे विचारलं, "तुम्ही कधी येणार?"

"आता येतोच, काका."

आला. काळे मुखवटे घातलेल्या गुंडांच्या घोळक्यात. हिरोची लाथ बसली आणि त्यातला एक जिन्यावरून गडगडत गेला.

"तो मीच," भाऊ म्हणाला.

"कशावरून?" मुलीच्या वडिलांनी विचारलं.

माझा भाऊ उठला आणि थेटरच्या पायऱ्यांवरून तस्साच गडगडत खाली गेला. मुलगी हसली. डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. त्या अख्ख्या खेळात तेवढंच कुणी हसलं. आईनं पदरात तोंड लपवलं. मला वाटलं, खाली जाऊन याला अजून दोन लाथा घालाव्यात.

दापोडीला उतरायच्या आत बसमध्येच आईला फोन आला. मुलगी नको म्हणते. आई खिडकीकडे तोंड करून डोळे पुसत बसली. भाऊ सुजलेलं कोपर चोळत माझ्याकडे सरकला.

"ताई, पडलो ते तरी बरोबर होतं ना?"

"तेवढंच तुला जमतं," मी म्हणाले.

गाढवाला ते कौतुक वाटलं. घरी येईपर्यंत हसत होता.