जाड सुई

उदगीरच्या बसलिंगप्पा मेकॅनिकनं जन्मभर लोकांच्या गाड्या उपाशी ठेवल्या, आणि त्यासाठीच लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. आमच्याकडं गाडी कुणाचीही असो, पहिला प्रश्न एकच: "किती देती?" बसप्पा कार्बोरेटर खोलायचा, पेट्रोल आवळायचा आणि गिऱ्हाईक खूश होऊन जायचं. पुढं नव्या गाड्यांतून कार्बोरेटरच गेला. मग बसप्पा माशा मारू लागला. तेही काम त्यानं मन लावून केलं.

त्याच्या हाताखाली शेवटचा कार्बोरेटर उरला तो देवणीच्या शेषेरावांच्या लाल मोटारीचा. वडिलांनी हैदराबादहून आणलेली, दोन माणसांची, बुटकी, शर्यतीची विलायती गाडी. नात शिवांगीची लातूरहून पाठवणी हिच्यातूनच करायची, असं म्हाताऱ्यानं ठरवलं होतं. पण घरात बायको धोंडाबाई होत्या.

"बैलाला पेंड मागितली की हात आखडता, अन् हिला टाकीच्या टाकी!"

शेषेराव गाडी घेऊन बसप्पाकडं आले. "हिचं एव्हरेज वाढव बाबा. लई बोलणी खाऊन राहिलो."

बसप्पानं कार्बोरेटरमधली निमुळती सुई काढून दाखवली. "मालक, तुम्ही पाय दाबला की ही वर उठती. भोकात जागा होती, तेवढं पेट्रोल जातंय. जाड सुई घातली तर पेट्रोल कमी, हवा जास्त. मग इंजन तापतंय. फटफटी सोसती. ही पळणारी हाय, हिला सोसायचं न्हाई."

"सगळ्या तालुक्याचं वाढवलंस, अन् माझंच न्हाई? हात गेला की काय तुझा?"

बसप्पाला शिवी चालली असती. हाताचं बोलणं लागलं. त्यानं डब्यातली जाड सुई काढली आणि बसवली.

गावातल्या गावात गाडी गुणी पोरीसारखी चालली. "सुधारली म्हणायची," असं धोंडाबाईसुद्धा म्हणाल्या. लग्नाच्या सकाळी शेषेराव लातूरला निघाले. शेजारी नवी टोपी घालून बसप्पा. नळेगाव सुटल्यावर रस्ता मोकळा लागला आणि म्हाताऱ्याला जवानी आठवली. इंजिनातून खडखड येऊ लागली.

"मालक, पाय काढा!"

"अरे, काटा बघ की! पेट्रोल हललंच न्हाई!"

मग धूर झाला. पिस्टनला भोक पडलं होतं. तसला पिस्टन आता कुठं मिळत नाही. गाडी ट्रॅक्टरला बांधून माघारी धाडून शेषेराव टमटममधून लातूरला पोचले तेव्हा मांडवातल्या सतरंज्या गुंडाळणं चाललं होतं. शिवांगी भाड्याच्या गाडीतून सासरी गेली होती.

शेषेरावांनी दुसऱ्या दिवशी बसप्पाच्या कामाचे पैसे चुकते केले. त्यानं बसप्पा जास्तच खचला.

लग्नानंतर तो एकदा देवणीला गेला. गाडी गोठ्यात उभी होती, वर कोंबड्या. त्यानं जाड सुई काढली, जुनी पुसून पुन्हा बसवली आणि बॉनेटवर विभूतीची बोटं ओढली.

धोंडाबाई दारातून बघत होत्या. "चालंल का रे आता?"

"न्हाई, अक्का."

"मग कशाला घातलीस?"

"उपाशी जाऊ नये."